डायोड लावलात, पण वाट कुठे आहे?

बोर्ड ‘आपोआप’ गेला, असे यापुढे या वर्गात कोणी म्हणायचे नाही. ‘सर, अपने आप उड़ गया’ हे वाक्य भिलाईतल्या खुर्सीपारच्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ऐकू येते. तिथे मी ते ऐकून घेतो, कारण दुकानातल्या पोराने तो बोर्ड आखलेला नसतो. तुम्ही आखला आहे. कनेक्टर कुठे बसवायचा, ट्रॅक कुठून न्यायचा, ग्राउंडला कुठे उतरायचे, हे सगळे तुम्ही ठरवलेत. मग तो कशाने गेला हेही तुम्हीच सांगायला हवे होते. तुम्ही काय सांगितलेत? ‘आयसीचा लॉट खराब असेल.’ नाचता येईना अंगण वाकडे!

दुर्गजवळच्या राईस मिलमधून परत आलेला तुमचा कॅमेरा बोर्ड मी मायक्रोस्कोपखाली नीट पाहिला आहे. काय पाहिले ते आता ऐका, आणि माझे बोलून होईपर्यंत कोणी मध्ये तोंड घालू नका.

आधी तो बोर्ड बसणार कुठे होता, ते आठवा. लेआउट करताना तुमच्यापैकी एकालाही ते आठवलेले दिसत नाही. सॉर्टेक्स मशीनमध्ये तांदूळ तिरक्या पन्हळींवरून घसरत खाली येतो, कॅमेरा पडणारा दाणा न् दाणा टिपतो, आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवतो. हे सगळे पापणी लवायच्या आत व्हावे लागते. म्हणून तुम्ही यूएसबी 3.0 घेतलेत, सेकंदाला 5 गिगाबिट. निवड योग्य होती. पण त्याच मिलमध्ये कोरडा दाणा दिवसभर पन्हळीवर घासत असतो, एलिव्हेटरचा पट्टा पुलीवर घासत असतो, प्लास्टिकची विणलेली पोती एकमेकांवरून ओढली जातात, आणि मशीन चालवणारा माणूस रबरी चप्पल घालून प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून पॅनेलपाशी येतो. दोन वस्तू घासल्या आणि सुट्या झाल्या की स्टॅटिक तयार होते, हे तुम्ही आठवीत कंगवा आणि कागदाचे कपटे घेऊन शिकलात. अंतिम वर्षाला येईपर्यंत ते विसरलात?

त्यात हवा आपली. एप्रिल-मेच्या दुपारी भिलाईत लू वाहू लागली की हवेतला ओलावा उडून जातो. ओलावा असतो तेव्हा वस्तूंच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार हळूहळू निचरून जातो. तो नसला की साठून राहतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या हस्तपुस्तिकेतला जुना तक्ता मी तुम्हाला पहिल्याच महिन्यात लिहून दिला होता. व्हिनाइलच्या जमिनीवरून चालणाऱ्या माणसावर दमट हवेत 250 व्होल्ट चढतात. हवेची आर्द्रता 10 ते 20 टक्क्यांवर आली की तेच 12,000 होतात. टेबलावरून साधी पॉलिथिनची पिशवी उचलली तर दमट हवेत 1,200 आणि कोरड्या हवेत 20,000. फोमच्या खुर्चीला 1,500 आणि 18,000. माणसाच्या बोटाला ठिणगीचा चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. म्हणजे त्याखालची ठिणगी मिलवाल्याला कळलीसुद्धा नसेल, आणि तुमच्या आयसीला ती पुरून उरली असेल. मिलवाला खोटे बोलतो, त्याने उलटी केबल घातली असेल, असे म्हणताना जीभ कशी रेटली तुमची? त्याने फक्त केबल लावायला हात पुढे केला. केबल लावायला हात पुढे करणे हा गुन्हा नाही. त्या हाताचा विचार करणे हे तुमचे काम होते.

‘पण सर, आयसीच्या डेटाशीटवर 2 किलोव्होल्ट लिहिले आहे.’ लिहिले आहे, आणि त्याच्या शेजारी एचबीएम अशी तीन अक्षरेही आहेत. ती वाचायचे कष्ट कोणी घेतले? एचबीएम म्हणजे कारखान्यात, अंगाला पट्टा बांधून, काळजीने आयसी हाताळणाऱ्या माणसाच्या हातून बसणाऱ्या ठिणगीची चाचणी. 100 पिकोफॅरॅडचा कपॅसिटर 1,500 ओहममधून रिकामा करायचा. 2 किलोव्होल्टला त्यातून सव्वा अँपिअरच्या थोडा वर करंट निघतो. आता तुमच्या बोर्डाला खरोखर लागू होणारी चाचणी घ्या, आयईसी 61000-4-2. तिथे 150 पिकोफॅरॅड, आणि आडवा रोध फक्त 330 ओहम. कनेक्टरला टोक टेकवून 8 किलोव्होल्ट सोडले की पहिले टोक 30 अँपिअरचे, आणि तेही एका नॅनोसेकंदाच्या आत. 30 नॅनोसेकंद झाले तरी 16 अँपिअर वाहत असतात. कुठे सव्वा अँपिअर आणि कुठे तीस! दोन्हीकडे ‘किलोव्होल्ट’ छापले आहे म्हणून तुम्ही दोन्ही एकाच तराजूत घातलेत.

आणि आयसी बनवणाऱ्याला दोष देऊ नका. त्याच्या आतल्या ट्रान्झिस्टरमधला ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो, आणि तो एका नॅनोमीटरला साधारण एका व्होल्टच्या आसपास फुटतो. त्याने आत मोठे संरक्षण घातले असते तर त्याच्या कपॅसिटन्सने 5 गिगाबिटचा सिग्नलच गिळला असता. म्हणून वेग वाढत गेला तसे आतले संरक्षण लहान होत गेले. 2 किलोव्होल्टचा जुना आग्रह सोडून 1 किलोव्होल्ट पुरेसा आहे, असे या उद्योगातल्या जाणकारांनीच ठरवले. ही गोष्ट लपलेली नाही. आयसी आपल्यापुरते सांभाळतो आणि बाहेरच्या जगाची जबाबदारी बोर्ड आखणाऱ्यावर टाकतो. तो बोर्ड आखणारा तू आहेस. खाली बघू नकोस, इकडे बघ.

आता ठिणगी ग्राउंडकडे वळवण्यासाठी लावलेल्या तुझ्या डायोडविषयी. तू डायोड लावलास, हे मी नाकारत नाही. पण कोणता? यूएसबीएलसी6-2. चांगला डायोड आहे, यूएसबी 2.0 साठी लाखो बोर्डांवर बसलेला आहे. त्याच्या डेटाशीटवर ओळीचा कपॅसिटन्स जास्तीत जास्त 3.5 पिकोफॅरॅड दिला आहे. 480 मेगाबिटला तो खपून जातो. तू तो 5 गिगाबिटच्या ओळींवर टाकलास. 5 गिगाबिटची मूळ वारंवारता अडीच गिगाहर्ट्झ. या वारंवारतेला 3.5 पिकोफॅरॅडचा अडथळा किती होतो, काढा. कॅल्क्युलेटर समोर आहे. 18 ओहम. तुमची जोडी 90 ओहमची, म्हणजे प्रत्येक ओळ जमिनीच्या हिशेबाने 45 ओहमची, आणि तिच्यावर तू 18 ओहमची पळवाट काढून दिलीस. सिग्नल आयसीपर्यंत पोचेल कशाला? 0.3 पिकोफॅरॅडचा डायोड घेतला असता तर तोच अडथळा 210 ओहमच्या वर गेला असता. बाजारात असे डायोड आहेत, आणि महागही नाहीत.

त्याचा परिणाम तुम्हाला दिसला होता, याचा मला जास्त राग आहे. वेगवान जोडी जुळेना, म्हणून जोडणी यूएसबी 2.0 वर उतरली. लॅपटॉपच्या पडद्यावर 480 मेगाबिट दिसत होते. तेव्हा थांबून ‘असे का?’ हा प्रश्न विचारायला हवा होता. तुम्ही कॅमेऱ्याचा फ्रेम रेट कमी केलात आणि ‘चालतंय’ म्हणून बोर्ड मिलवर पाठवून दिलात. त्या मिलवाल्याने दाणे निवडण्यासाठी मशीन घेतले आहे. अर्धे दाणे कॅमेऱ्याने पाहिलेच नाहीत तर काळा तांदूळ पोत्यात जाणार आणि चांगला तांदूळ फेकला जाणार. हे नुकसान कोणाचे? लबाडी यापेक्षा वेगळी काय असते?

मागच्या बॅचने याहून मोठा पराक्रम केला होता. पॉवर सप्लायच्या खणातला एसएमबीजे काढून डेटा ओळीवर लावला होता, मोठा डायोड म्हणजे मोठे संरक्षण असे समजून. त्याचा कपॅसिटन्स शेकडो ते हजारो पिकोफॅरॅडमध्ये असतो. डेटाच्या ओळीवर तो बसला की सिग्नल तिथेच संपतो. तो भाग पुरवठ्याच्या ओळीसाठी आहे. विजेच्या लाटेची ऊर्जा मोठी आणि ती मायक्रोसेकंदांत येते, स्टॅटिकची ठिणगी नॅनोसेकंदांत येऊन जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

आणखी एक. डायोडच्या डेटाशीटवर ‘8 किलोव्होल्ट’ पाहिले की तुमचे वाचन थांबते. ते 8 किलोव्होल्ट डायोडचे आहेत. ठिणगी बसल्यावर डायोड जिवंत राहील, एवढेच ते सांगतात. त्याच्यामागे बसलेला आयसी जिवंत राहील की नाही, हे सांगणारा आकडा दुसऱ्या पानावर असतो: क्लॅम्पिंग व्होल्टेज आणि डायनॅमिक रोध. 16 अँपिअर वाहत असताना 0.5 ओहमचा डायोड आपल्या अंगावर 8 व्होल्ट वाढवतो, 0.2 ओहमचा 3.2. या फरकावर आयसीचे आयुष्य ठरते. तो आकडा शोधा, त्याखाली पेन्सिलने रेघ मारा, आणि मगच भाग निवडा. स्नॅपबॅक जातीचा डायोड घेणार असाल तर त्याचा होल्डिंग व्होल्टेजही पाहा. एचडीएमआयसारख्या ओळीवर 50 ओहममधून 3.3 व्होल्ट कायम लटकलेले असतात. होल्डिंग व्होल्टेज त्याच्या खाली असला, तर ठिणगी संपली तरी डायोड मिटतच नाही, असेही होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, कारण खरा गुन्हा भाग निवडण्यात झालेला नाही. योग्य डायोड घेतला असतात तरी हा बोर्ड मेला असता. का, ते बघा.

तुमचा कनेक्टर बोर्डाच्या डाव्या कडेला. तिथून जोडी निघते, वळसा घेऊन क्रिस्टलच्या शेजारून जाते, आणि 24 मिलिमीटर चालून आल्यावर तिला डायोड भेटतो. तिथून आयसी 3 मिलिमीटरवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! 30 अँपिअरचा लोंढा 24 मिलिमीटर तुमच्या बोर्डाच्या पोटातून फिरला. वाटेत क्रिस्टलच्या ट्रॅकमध्ये त्याने आपला ठसा उमटवला, रीसेटच्या ओळीत उमटवला, आणि मग कुठे डायोडपाशी आला. मिलवाला सांगत होता ना, की पहिल्या दोन वेळा चित्र गोठले आणि बंद-चालू केल्यावर परत आले? ते यामुळे. डायोड कनेक्टरच्या पायाला खेटून हवा. कनेक्टरच्या पॅडनंतर ओळीवर पहिला भाग तो. त्याच्या आणि आयसीच्या मध्ये जितके अंतर पडेल तितके चांगले. त्या ट्रॅकचा इंडक्टन्स उरलेला धक्का अडवून धरतो. तुम्ही नेमके उलटे केलेत. जवळ हवे तिथे दूर, आणि दूर हवे तिथे जवळ.

पुढे पाहा. जोडीच्या ओळी डायोडच्या पॅडमधून सरळ गेल्या पाहिजेत. तुमच्या ओळी बाजूने गेल्या आहेत, आणि डायोडला 2 मिलिमीटरची एक फांदी काढून टांगला आहे. ती फांदी सिग्नलसाठी बंद गल्ली आहे, तिच्या टोकावरून तो परततो. आणि ठिणगीसाठी ती अडथळा आहे. हे भाग आठ-दहा पायांच्या चपट्या पॅकेजमध्ये येतात ते कशासाठी? ट्रॅक एका बाजूने आत जावा आणि समोरच्या बाजूने सरळ बाहेर पडावा, यासाठी. समोरासमोरचे पाय मुद्दाम त्यासाठी रिकामे दिलेले असतात. एवढी सोय करून दिली असताना तुम्ही फांद्या काढत बसलात.

आणि आता ग्राउंड. डायोडचा ग्राउंडचा पाय, तिथून केसासारखा बारीक ट्रॅक, 7 मिलिमीटर लांब, आणि टोकाला एकच व्हाया. हा ट्रॅक कोणी काढला? उत्तर नको आहे मला. हिशोब हवा आहे. बारीक ट्रॅकचा इंडक्टन्स 1 मिलिमीटरला 1 नॅनोहेन्रीपर्यंत जातो. खाली प्लेन आहे, म्हणून मी तुमच्या बाजूने निम्माच धरतो. साडेतीन नॅनोहेन्री, अधिक व्हायाचा एक, झाले साडेचार. एका नॅनोसेकंदात 30 अँपिअर चढतात, म्हणजे एका नॅनोहेन्रीवर 30 व्होल्ट. साडेचारवर 135 व्होल्ट. डायोडने आपले काम केले आणि स्वतःवर 10-12 व्होल्टच राहू दिले, तरी तुमच्या आयसीला दिसले जवळपास दीडशे! डेटाशीटवरचा तो सुंदर आकडा तुमच्या 7 मिलिमीटर ट्रॅकने मातीत घातला. डायोड हा दरवाजा उघडणारा भाग आहे. करंटला बाहेर जायची वाट डायोड देत नाही, ती तांब्याने द्यायची असते. ग्राउंडच्या पॅडला लागूनच व्हाया हवे, एक नव्हे, जागा असेल तितके, आणि ते थेट खालच्या अखंड ग्राउंड प्लेनमध्ये उतरलेले.

अखंड म्हणतो आहे मी. तुम्ही कनेक्टरखालचे ग्राउंड कापून वेगळे काढले आहे आणि मुख्य ग्राउंडला एका फेराइट बीडने जोडले आहे. ‘आवाज आत येऊ नये म्हणून.’ हे कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेत. 30 अँपिअर त्या तुकड्यात उतरल्यावर जाणार कुठे? बीड त्यांना अडवणार, तो तुकडा काही नॅनोसेकंद शेकडो व्होल्टवर उचलला जाणार, आणि त्याच्यावरून जाणारी तुमची जोडी त्याच्याबरोबर उचलली जाणार. शिवाय जोडीखालचे प्लेन जिथे फाटले तिथे 90 ओहमही गेले. एकाच कापात दोन्ही कामे बिघडवलीत.

कोणीतरी माझ्याकडे येऊन म्हणाले की ओळीत 100 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आहे, तो ठिणगी अडवेल. अडवत नाही. 150 पिकोफॅरॅडवर 8 किलोव्होल्ट म्हणजे एकूण भार 1.2 मायक्रोकूलोम. तो सगळा त्या कपॅसिटरमध्ये ओतला तरी त्याच्यावर फक्त 12 व्होल्ट चढतील. म्हणजे लोंढा तो जसाच्या तसा पुढे सोडतो. हे गणित बारावीचे आहे.

मिलमध्येही मी जाऊन आलो. तुम्ही गेला नव्हतात. कॅमेऱ्याची पेटी मशीनच्या चौकटीला बोल्टने घट्ट बसवली आहे, आणि चौकटीवर पावडर कोटिंगचा जाड थर आहे. रंग खरवडलेला नाही, खाली दातेरी वॉशर नाही. कनेक्टरच्या धातूच्या कवचातून आलेला करंट पेटीपर्यंत येतो आणि तिथे अडतो. पेटी आणि चौकट एकमेकींना चिकटलेल्या दिसतात, पण विजेच्या दृष्टीने त्यांची ओळख नाही. मीटर लावला असता तर कळले असते. कनेक्टरचे कवच पेटीला पूर्ण घेराने टेकले पाहिजे, पेटी चौकटीला उघड्या धातूने टेकली पाहिजे, आणि चौकट खऱ्या अर्थिंगला. बहुतेक ठिणग्या आधी कवचावर पडतात. त्यांना तिथल्या तिथे बाहेर काढले की डेटाच्या ओळींवर येणारे संकट निम्म्याहून कमी होते. बोर्ड आखणाऱ्याचे काम बोर्डाच्या कडेला संपत नाही.

चाचणीचे काय केलेत, ते तर सांगायलाही मला बरे वाटत नाही. गॅसचा लायटर! कनेक्टरवर लायटरच्या ठिणग्या मारल्यात, बोर्ड जिवंत राहिला, आणि रिपोर्टमध्ये लिहिलेत ‘ईएसडी टेस्ट पास’. लायटरमधल्या दाबलेल्या स्फटिकातून व्होल्ट हजारोंनी निघतात, पण त्यांच्यामागे भाराचा साठा नगण्य असतो. 150 पिकोफॅरॅड नाही, 330 ओहम नाही, नॅनोसेकंदाची धार ठरलेली नाही. ती ठिणगी कुठल्याही चाचणीतली नाही आणि ‘पास’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता. खऱ्या चाचणीत टेबलाची उंची ठरलेली असते, त्यावरच्या धातूच्या पत्र्याचे माप ठरलेले असते, तो पत्रा जमिनीशी कोणत्या रोधातून जोडायचा तेही ठरलेले असते. प्रत्येक बिंदूवर किमान दहा ठिणग्या सोडतात. निकालही ‘पास-फेल’ इतका सोपा नसतो: काम अखंड चालू राहिले, अडखळून आपले आपण सावरले, माणसाने बंद-चालू केल्यावर सावरले, की कायमचे गेले, अशा पायऱ्या असतात. तुमचा बोर्ड मिलमध्ये तिसऱ्या पायरीवरून चौथीवर गेला, आणि तिसरीवर असताना तुम्ही फोनवर मिलवाल्याला ‘रीस्टार्ट कर लो’ म्हणालात.

अशी चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. मुंबईत अंधेरीला सरकारची ईआरटीएल आहे, गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी पुण्यात एआरएआय आहे. खर्च येतो, गाडीने जावे लागते, तारीख मिळवावी लागते. पण जाण्याआधी हेही ध्यानात ठेवा की चाचणीच्या नियमात प्रयोगशाळेतली आर्द्रता 30 ते 60 टक्के ठेवायला सांगितली आहे. आपल्या मे महिन्यातली दुपार त्याच्याही खाली जाते. प्रमाणपत्र मिळाले तरी ते त्या खोलीतल्या हवेचे आहे. खुर्सीपारसाठी, दुर्गसाठी, राजनांदगावसाठी आखताना किमान अटीच्या वर थोडी जागा ठेवून आखायचे असते. आणि ते पैसे घालून होत नाही. डायोड जवळ घेतला, व्हाया वाढवले, प्लेन कापले नाही, यांपैकी कशाला जास्तीचा रुपया लागतो?

आता तुमच्यातला हुशार मुलगा म्हणेल की बाकीचे चार बोर्ड तर मिलमध्ये चालू आहेत. मला त्यांचीच जास्त काळजी आहे. स्टॅटिकने प्रत्येक वेळी आयसी मरत नाही. कधी ऑक्साइडला इवलेसे छिद्र पडते, गळती थोडी वाढते, आणि भाग महिना, दोन महिने, सहा महिने चालत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. मग ऐन हंगामात, धानाच्या गाड्या दारात उभ्या असताना, तो जातो.

तुमच्यापैकी कित्येकांचे आजोबा भिलाई स्टील प्लँटमध्ये होते. 1959 साली पहिली भट्टी पेटली तेव्हापासून या गावाने रुळावर पोट भरले आहे. रुळासाठी पोलाद ओततानाच त्यातला हायड्रोजन मोजतात, आणि तो दशलक्षात 1.6 भागांपेक्षा जास्त चालत नाही. का? वरून चकचकीत दिसणाऱ्या रुळाच्या पोटात हायड्रोजनने बारीक चीर धरली तर ती वर्षांनी, भरल्या गाडीखाली उघडते. म्हणून तयार रूळसुद्धा अल्ट्रासॉनिकने आरपार तपासतात. न दिसणाऱ्या दोषाला घाबरायचे ही शिस्त तुमच्या घरात दोन पिढ्या आहे. तुम्ही ती बोर्डावर आणली नाहीत.

हाताळण्याबद्दल थोडक्यात बोलतो, कारण ते तरी तुम्हाला येते असे मी धरून चालतो. बोर्ड थर्मोकोलवर ठेवून, किराण्याच्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून मिलवर नेलात, ते पुन्हा दिसता कामा नये. धातूच्या थराची शील्डिंग पिशवी आपल्या कपाटात आहे. मनगटाच्या पट्ट्यातला 1 मेगओहमचा रोध तुमच्या जिवासाठी आहे, तो काढून थेट तार जोडायची नाही, आणि पट्ट्याचे दुसरे टोक अर्थिंग नसलेल्या विजेच्या सॉकेटच्या पिनमध्ये घालायचे नाही.

मी इतका का चिडलो, ते सांगून टाकतो. तुमचे सर्किट चांगले होते. कॅमेऱ्याची निवड, पॉवर सप्लाय, सॉफ्टवेअर, सगळे विचारपूर्वक केलेले होते. दाणा ओळखण्याचा तुमचा प्रोग्रॅम मी दोनदा वाचला, तो मला आवडला. आणि एवढे सगळे करून संरक्षण तुम्ही सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत, उरलेल्या वेळात कोंबलेत. बोर्डावर जिथे मोकळे दिसले तिथे डायोड चिकटवला आणि यादीत खूण केली. संरक्षण लेआउटच्या पहिल्या दिवशी ठरते. कनेक्टर ठेवल्यावर दुसरा भाग डायोड, तिसरे काम त्याचे व्हाया, आणि त्यानंतर बाकीचा बोर्ड. क्रिस्टल, रीसेट, मेमरी, कोणीही त्या कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही. इथे बोर्ड आखणारी माणसे थोडी आहेत. मिलवाल्याने हिंमत करून स्थानिक पोरांना काम दिले होते. पुढच्या वेळी तो बाहेरून तयार मशीन मागवेल, आणि तुमच्यामागून येणाऱ्या मुलांना दारातूनच परत पाठवेल.

मिलवाल्याला मी शब्द दिला आहे की पाचही बोर्ड बदलून मिळतील. त्याचे पैसे तो देणार नाही आणि आपण मागणारही नाही.

सोमवारी नवा लेआउट घेऊन या. प्रत्येक डेटा ओळीसाठी कागदावर चार आकडे लिहून आणा: कनेक्टरपासून डायोडपर्यंतचे अंतर, डायोडच्या ग्राउंड पॅडपासून व्हायापर्यंतचे अंतर, डायोडचा कपॅसिटन्स, आणि 16 अँपिअरला त्याचा क्लॅम्पिंग व्होल्टेज. पहिला आकडा 3 मिलिमीटरच्या आत हवा, दुसरा अर्ध्या मिलिमीटरच्या आत. हे चार आकडे नसतील तर तो लेआउट मी उघडणार नाही. जा आता, कामाला लागा.